दाखल्याची उलटी बाजू

येवल्याच्या एखाद्या पेढीवर पैठणी घ्यायला बसलेले जाणते गिऱ्हाईक पदरावरचा मोर नंतर पाहते. आधी ते पदर उलटून पाहते. हातमागावरच्या अस्सल पैठणीची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच स्वच्छ असते. नकली मालाच्या मागे धागे लोंबत असतात. आपल्या व्यापारी घरांतील मुलांना हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. दुकानात बसता बसता त्यांची नजर तयार होते.

गेल्या दोन वर्षांत शासनाने नेमकी हीच पारख कागदांच्या बाबतीत आरंभली आहे. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, स्वयंघोषणापत्र, आधार क्रमांक, बँक खाते, आयकर विवरणपत्र असे सारे एकमेकांशी ताडून पाहिले जात आहे. सुलट बाजूने सुबक दिसणारे पुष्कळ दाखले उलटून पाहताच त्यांचे लोंबते धागे दिसू लागले आहेत. हा विषय आपल्या मासिकात घेण्याचे कारण सरळ आहे. असे कागद झोपडीतच सापडतात असे नाही. चारचाकी दारात उभी असलेल्या, दिवाळीला थाटाने चोपडापूजन करणाऱ्या घरांतही ते सापडतात.

तीस वर्षांनी उघडलेली फाईल

आपल्याच जिल्ह्यातील एका खटल्यापासून सुरुवात करू. मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के स्वेच्छा कोट्यातून अल्प उत्पन्न गटातील, स्वतःचे घर नसलेल्या नागरिकांना सवलतीच्या दरात सदनिका मिळत असत. १९९५ च्या सुमारास नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात अशा सदनिका सिन्नरचे नेते माणिकराव कोकाटे व त्यांचे बंधू यांना मिळाल्या. माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी तक्रार केली, गुन्हा नोंदला गेला, आणि मग वर्षे लोटली. तक्रारदार दिघोळे निवर्तले. आरोपी अनेकदा आमदार झाले, पुढे राज्याचे कृषिमंत्री झाले. २० फेब्रुवारी २०२५ रोजी नाशिकच्या न्यायालयाने दोघा बंधूंना दोषी धरून दोन वर्षांची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड सुनावला. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम ठेवली आणि मंत्रिपद सोडावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने शिक्षेची अंमलबजावणी थांबवून जामीन दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाणार नाही इतक्यापुरती दोषसिद्धीला स्थगिती दिली. शेवटचा शब्द वरिष्ठ न्यायालयांचा आहे. तो आपण गृहीत धरू नये, आणि कोणा एका व्यक्तीचा न्यायनिवाडा करण्यासाठी हा दाखला दिलेलाही नाही.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. १९९५ साली दिलेला कागद २०२५ साली न्यायालयात वाचला गेला. व्यापाऱ्याला मुदत कशाला म्हणतात हे पक्के ठाऊक असते. उधारीचा दावा साधारण तीन वर्षांत लावला नाही तर तो मुदतबाह्य होतो. त्यामुळे ‘जुने झाले, आता कोण विचारतो’ ही भाषा आपल्या तोंडी सहज येते. फौजदारी कायद्यात मात्र तीन वर्षांहून अधिक कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला अशी मुदतच नाही. फसवणूक करून लाभ मिळवणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. तो कागद फाईलीत पडून राहतो; पण बाद होत नाही.

पंधराशे रुपयांचा हप्ता

आता घराघरांतल्या गोष्टीकडे येऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. २१ ते ६५ वर्षे वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. कुटुंबात आयकरदाता नसावा, शासकीय नोकर नसावा, ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन नसावे, अशा तिच्या अटी. अर्ज झपाट्याने भरले गेले. पडताळणी नंतर आली. जुलै २०२५ मध्ये शासनाने सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे दिसल्याने त्यांचा हप्ता थांबवण्यात आला आहे. १४,२९८ पुरुषांच्या खात्यांवर ‘बहिणीचे’ पैसे जात होते, आणि ती रक्कम २१ कोटींच्या घरात होती. दोन हजारांहून अधिक शासकीय महिला कर्मचारीही यादीत निघाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यात लाभार्थी महिलेबरोबरच तिच्या पतीच्या अथवा वडिलांच्या आधार क्रमांकाची पडताळणीही जोडली गेली. म्हणजे पदर उलटला गेला.

समजा, आपल्याच गावातले एक सुखवस्तू घर आहे. पतीच्या नावावर किराण्याचे दुकान, दारात मोटार, दरवर्षी विवरणपत्र भरले जाते. गल्लीत सगळ्याच बायका अर्ज भरत होत्या म्हणून सूनबाईचाही अर्ज भरला. भरला सेवा केंद्रावरच्या मुलाने. मोबाईल दिला दिराने. सही तेवढी सूनबाईची. पुढे दर महिन्याला दीड हजार येत राहिले आणि भिशीत जात राहिले. घरात या रकमेला कोणी चोरी म्हणणार नाही. ‘सरकारनेच दिले, आपण थोडेच मागायला गेलो?’ असे म्हटले जाईल. पण मागितले होते. अर्ज याचाच अर्थ मागणे. आणि मागताना ‘आमचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, घरात चारचाकी नाही’ असे लिहून दिले होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अनेकांना वाटते, ‘आम्हाला कर शून्य येतो, म्हणजे आम्ही आयकरदाते नाही, म्हणजे आम्ही पात्र.’ नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होऊ शकतो. पण कर शून्य झाला म्हणून उत्पन्न अडीच लाखांच्या आत आले असे होत नाही. विवरणपत्रात सहा लाख आणि योजनेच्या अर्जात अडीच लाख, ही एकाच वर्षाची दोन उत्पन्ने झाली.

एका वर्षाची दोन उत्पन्ने

खरे दुखणे येथेच आहे आणि ते आपल्या व्यापारी वर्गाचे आहे, हे मान्य करायला हवे. पगारदाराचे उत्पन्न त्याच्या पगारपत्रकावर छापलेले असते. व्यापाऱ्याचे उत्पन्न मात्र विचारणारा कोण यावर बदलते. बँकेत कर्ज काढायचे असेल तेव्हा ते वाढते. मुलीचे स्थळ पाहायचे असेल तेव्हा आणखी वाढते. शाळेत शुल्कमाफीचा अर्ज करताना मात्र तेच उत्पन्न एकाएकी आक्रसते. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा दाखला, त्यावर शिष्यवृत्ती, असा हा प्रवास असतो.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आपल्या मुलांना खुल्या झाल्या. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीला एक लाख, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला दोन लाख अशी होती. आपल्यातही अशी घरे आहेतच की ज्यांना या रकमेची खरी गरज होती: फेरीवर कापड विकणारे, दुसऱ्याच्या पेढीवर मुनीमगिरी करणारे, खेड्यात छोटेखानी दुकान चालवणारे. त्यांच्या मुलांनी ती हक्काने घ्यावी. प्रश्न उरतो तो ज्यांना गरज नव्हती त्यांचा.

या शिष्यवृत्त्यांतील गैरव्यवहार फार मोठा निघाला. केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने देशातील १,५७२ संस्थांची तपासणी करवली, तेव्हा त्यांपैकी ८३० संस्था बनावट, बंद पडलेल्या किंवा संशयास्पद आढळल्या. नुकसानीचा अंदाज १४४ कोटींहून अधिक होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदला. हे सारे विविध राज्यांतील संस्था आणि दलालांचे काम होते. पण असा तपास सुरू झाला की दलालाच्या यादीतले प्रत्येक नाव तपासले जाते, आणि त्या यादीत खोट्या दाखल्यावर शिष्यवृत्ती घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचेही नाव असू शकते. वडिलांनी वाचवलेले दोन-पाच हजार रुपये मुलाच्या नावापुढे चिकटतात, ते असे.

सही कोणाची?

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खोटे ठरवणारा एक असतो आणि सही करणारा दुसरा. ठरवतो घरातला कर्ता पुरुष. सही करते सून, पत्नी, वृद्ध आई, अठरा वर्षांचा मुलगा. स्वयंघोषणापत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की वरील माहिती खोटी निघाल्यास माझ्यावर खटला भरला जाईल. तो ‘माझ्यावर’ हा शब्द सही करणाराचा असतो. नोटीस निघते ती त्याच नावाने. पोलिसांपुढे जबाब द्यायला जावे लागते ते त्याच व्यक्तीला. ‘मी वाचले नव्हते, सांगितले तिथे सही केली’ हे तिचे म्हणणे खरे असले तरी ते सिद्ध करण्याचा ताप तिलाच सोसावा लागतो. आणि ते सिद्ध झालेच तर दोष वळतो सांगणाऱ्याकडे, म्हणजे तिच्याच पतीकडे किंवा सासऱ्याकडे.

सेवा केंद्रावरच्या मुलाने भरले, या उत्तरानेही जबाबदारी टळत नाही. त्याने जाणूनबुजून खोटे भरले असेल तर तोही आरोपी होईल. अर्जदार त्यामुळे सुटत नाही.

घरात कोणी कोणाच्या सहीने काय भरले आहे, हे कर्त्या मंडळींनी एकदा शांतपणे बसून पाहिले पाहिजे. सूनबाईच्या नावाने हप्ता येतो आहे का? आईच्या नावाने निराधार योजनेचे पैसे येतात का? शेत नावावर आहे म्हणून ‘पीएम-किसान’चे सहा हजार येतात, पण घरात आयकर भरला जातो का? शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे? महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक वार्षिक उत्पन्नाच्या घराला शुभ्र शिधापत्रिका असते. दुकान वाढले, पण पत्रिका आजोबांच्या काळातली केशरीच राहिली, असे अनेक घरांत नकळत घडलेले असते. यातली काही लबाडी असेल, काही निव्वळ दुर्लक्ष. पण पाहिल्याशिवाय कोणते कोणते ते कळणार नाही.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिता लागू राहते. व्यवहारात ‘चारशे वीस’ म्हणून ओळखले जाणारे कलम नव्या संहितेत ३१८ झाले. त्याच्या चौथ्या पोटकलमात फसवून मालमत्ता मिळवण्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. फसवणुकीसाठी बनावट दस्त तयार करणे हा कलम ३३६ खालील गुन्हा, त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा. बनावट कागद दुसऱ्याने बनवला आणि आपण तो खरा म्हणून वापरला, तरी कलम ३४० खाली आपण तितकेच दोषी. कागद बनावट नाही, पण लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम २१७ आहेच.

याखेरीज त्या त्या लाभाचा स्वतंत्र कायदा असतो. दिव्यांगांसाठी राखीव लाभ कपटाने घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ काढून घेऊन रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते आणि सहा महिने ते दोन वर्षे कैद होऊ शकते. याच विषयात ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलांवर स्पष्ट केले की दावा अवैध ठरला की त्यावर मिळवलेली नोकरी वा प्रवेश टिकणार नाही. दीर्घ सेवा झाली, वर्षे लोटली, ही सबब चालणार नाही.

शिक्षा होईपर्यंतचा काळही लहान शिक्षा नसतो. फौजदारी खटला प्रलंबित असला की पारपत्र नाकारले जाऊ शकते. मुलाला परदेशी शिकायला पाठवण्याची तयारी चालू असावी आणि पोलीस पडताळणीत हा जुना अर्ज पुढे यावा, यापरती नामुष्की कोणती? आणि बाजारात पत हेच ज्याचे भांडवल, त्याच्या दुकानी पोलिसांची नोटीस लागली की किती दिवसांत माल उधार मिळेनासा होतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

नोटीस येण्यापूर्वी, आणि आल्यावर

चूक ध्यानी आली आणि नोटीस अजून आलेली नाही, ही सर्वांत चांगली अवस्था. अशा वेळी लाभ बंद करण्याचा लेखी अर्ज संबंधित कार्यालयात द्यावा, त्याची पोच घ्यावी, घेतलेली रक्कम रीतसर शासनजमा करावी आणि पावती जपून ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका महिलेने लाडकी बहीण योजनेच्या पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये सरकारजमा केले. त्या सुमारास अनेक महिलांनी स्वतःहून लाभ नको असे लिहून दिले. पैसे परत केल्याने झालेला गुन्हा पुसला जातोच असे नाही. पण मनात कपट नव्हते, किंवा असले तरी पश्चात्ताप झाला, याचा तो सर्वांत बोलका पुरावा असतो, आणि अधिकारी व न्यायालय दोघेही त्याकडे पाहतात.

नोटीस आलीच तर प्रथम ती कोणाची आहे ते पाहावे. तहसील किंवा संबंधित विभागाची असेल तर ती बहुधा खुलासा अथवा वसुलीची असते. दिलेल्या मुदतीत, खऱ्या कागदांसह लेखी उत्तर द्यावे. ती न घेता परत पाठवणे, घरी नसल्याचे सांगणे, हे उपाय नव्हेत. वसुलीचा बोजा मालमत्तेवर चढतोच. पोलिसांची नोटीस असेल तर ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील, चौकशीला हजर राहण्याची असते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या निकालात बजावले आहे. जो नोटिशीप्रमाणे हजर राहतो आणि सहकार्य करतो त्याला साधारणपणे अटक होत नाही. घाबरून गाव सोडणारा मात्र स्वतःच अटकेचे कारण पुरवतो.

वकिलाकडे जाताना सर्व खरे सांगावे. वैद्यापासून दुखणे लपवून औषध मिळत नाही. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ज्या सूनबाईचे हितसंबंध सासरच्या मंडळींहून वेगळे पडतात, तिला स्वतःचा वेगळा वकील असणे न्यायाचेच आहे. घरच्यांनी त्याला फितुरी समजू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पहिला खोटा कागद झाकण्यासाठी दुसरा करू नये. मागील तारखेचे भाडेपत्र, घाईने केलेली कागदोपत्री वाटणी, मोटार मेहुण्याच्या नावावर करणे, शेजाऱ्याला साक्षीसाठी तयार करणे असे मार्ग सुचवणारे हितचिंतक अशा वेळी दाराशी उभे असतात. पहिला कागद कदाचित अज्ञानाचा म्हणून सुटला असता. दुसरा मात्र कपटाचा पुरावा होतो.

चूक आणि लबाडी

एक सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही हवी. यादीत नाव आले म्हणजे माणूस लबाड ठरला, असे मानू नये. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात करखात्याने हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवून पूर्ण रकमेची वसुली लावली. पुष्कळांची चूक एखाद्या सहीची वा कागदाची होती. घरे उद्ध्वस्त झाली आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. यंत्राने काढलेल्या याद्यांत निर्दोषही सापडतात. आपल्याकडेही आधार क्रमांक चुकीचा जोडला गेला, विकलेली मोटार अजून नावावर दिसली, असे घडू शकते. कायदाही हा भेद मानतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात मनातील कपट सिद्ध करावे लागते. म्हणून ज्याचा दोष नाही त्याने लाजेने गप्प न बसता कागद घेऊन पुढे यावे, आणि समाजानेही निकालापूर्वी त्याच्याकडे पाठ फिरवू नये.

वर्णनाला दिलेले धन

आपल्या परंपरेने या विषयाला फार पूर्वी नाव दिले आहे. श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे सांगितले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून लाभ घेणे आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे, हे दोन्ही आहेत. व्यापारी गृहस्थाचे जीवन डोळ्यांपुढे ठेवूनच ही यादी झाली असावी, इतकी ती आपल्याला जवळची आहे. नकली पैठणी अस्सल म्हणून विकणारा आणि भरल्या घराला निर्धन म्हणून नोंदवणारा, दोघे एकाच ओळीत येतात.

‘सरकारने दिले’ या सबबीचे उत्तरही येथेच मिळते. न दिलेले घेणे ते अदत्तादान. शासनाने दिले खरे, पण कोणाला? ज्याचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, ज्याच्या दारात मोटार नाही, अशा एका वर्णनाला दिले. ते वर्णन आपले नव्हते. म्हणून ते धन आपल्याला दिलेलेच नव्हते. याच गावात मागावर दिवसभर वाकून बसणारी एखादी विणकर भगिनी त्या वर्णनात चपखल बसते. तिजोरी एकच आहे, आणि अपात्रांच्या याद्या लांबल्या की पडताळणीचा जाच तिलाही सोसावा लागतो. ठसा जुळला नाही म्हणून हप्ता अडकतो, कामाचा दिवस मोडून तिला केंद्रावर रांग लावावी लागते.

पुणिया श्रावकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एके दिवशी त्याचे चित्त सामायिकात स्थिर होईना. घरात चौकशी केली तेव्हा कळले की शेजारची एक गोवरी विचारल्याविना चुलीत गेली होती. ज्याच्या सामायिकाचे फळ मगधाचा राजा श्रेणिक विकत घेऊ शकला नाही, त्याचे मन एका गोवरीने अस्वस्थ झाले. कथेतला पुणिया दरिद्री होता, हे आपण बहुधा विसरतो. आपल्या घरांत गोवऱ्यांची कमतरता नाही.

दर संवत्सरीला आपण जाणता-अजाणता झालेल्या दोषांची क्षमा मागतो. पण दोष सांगितल्याविना आलोचना होत नाही आणि घेतलेले परत केल्याविना ती पूर्ण होत नाही. यंदा दिवाळीला नवा चोपडा पुजण्याआधी प्रत्येक घराने एक जास्तीचे पान काढावे. त्यावर घरातील प्रत्येकाच्या नावाने कोणकोणते शासकीय लाभ येतात, ते लिहावे. पुढे त्यासाठी काय लिहून दिले होते ते लिहावे. आणि ते आजही खरे आहे का ते पाहावे. जिथे उत्तर ‘नाही’ येईल, ती रक्कम देण्याच्या बाजूला मांडावी आणि इतर देण्यांआधी ती चुकती करावी.